अर्बुदजन्य अस्थिमृदुता : निदानातील विलंब आणि शस्त्रक्रियेचा उपाय

बंगळुरूमधील चिकपेट हा त्या शहराच्या सर्वांत जुन्या व्यापारी भागांपैकी एक होय. केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये वसविलेल्या या नगरात दोड्डपेटे, म्हणजे मोठी पेठ, आणि चिक्कपेटे, म्हणजे लहान पेठ, असे दोन प्रमुख रस्ते एकमेकांना छेदत असत. १६३८ मध्ये विजापूरच्या आदिलशाही सैन्याने शहर जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. मराठी बोलणारी भावसार व नामदेव शिंपी समाजाची कुटुंबे शहराच्या जुन्या भागात आजही आढळतात. रेशमी साड्या आणि कापड यांचा व्यापार ही चिकपेटची ओळख आहे. येथील जुन्या धाटणीच्या दुकानांत विक्रेता पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसतो, गिऱ्हाइकाने मागितलेली साडी काढण्यासाठी उठतो आणि पुन्हा बसतो. ही उठबस दिवसभर चालते.

अशा एखाद्या दुकानातील चाळिशीच्या विक्रेत्याचे काल्पनिक उदाहरण घेऊ. प्रथम त्याचे पाय आणि कंबर दुखू लागते. काही महिन्यांनी बरगड्या दुखतात. पुढे गादीवरून उठताना हात टेकावा लागतो, जिना चढताना कठडा धरावा लागतो आणि चाल बदकासारखी डोलती होते. दिवसभर दुकानात बसणाऱ्या माणसाला ऊन मिळत नाही, या विचाराने त्याला ड जीवनसत्त्व व कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या जातात. गुण येत नाही. मग कोणी संधिवात म्हणतो, कोणी मणक्याचा विकार, तर कोणी हा मनाचा आजार असल्याचे सुचवतो. अखेरीस साध्या ठेचेने मांडीचे हाड मोडते आणि नोकरी सुटते. या सर्व काळात दुखण्याचे मूळ मात्र त्याच्या पावलात किंवा नाकामागील पोकळीत दडलेल्या, वाटाण्याएवढ्या गाठीत असू शकते. ती गाठ पूर्णपणे काढली, तर हाच माणूस बहुधा पुन्हा गादीवरून हात न टेकता उठू शकेल.

या आजारास अर्बुदजन्य अस्थिमृदुता म्हणतात. तो दुर्मीळ आहे. परंतु दुर्मीळ आजारांपैकी फार थोडे आजार एका शस्त्रक्रियेने पूर्ण बरे होतात, आणि हा त्यांपैकी एक आहे. म्हणूनच त्याचे निदान लांबणे ही केवळ वैद्यकीय बाब राहत नाही. आरोग्यव्यवस्थेची रचना आणि तिच्यातील खर्चाची विभागणी यांच्याशीही तिचा थेट संबंध येतो.

अस्थिमृदुता म्हणजे काय?

हाड हे दोन घटकांचे बनलेले असते. पहिला घटक म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाची जाळी आणि दुसरा म्हणजे त्या जाळीत बसलेले खनिज. हे खनिज मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या संयोगातून तयार होते. शरीरातील सुमारे ८५ टक्के फॉस्फरस हाडांत आणि दातांत असतो. हाड आयुष्यभर झिजत आणि नव्याने घडत असते. नवी जाळी तयार झाली, पण तिच्यात पुरेसे खनिज बसले नाही, तर हाड मऊ राहते. हीच अस्थिमृदुता, म्हणजेच ऑस्टिओमलेशिया. वाढत्या वयातील मुलांमध्ये हीच प्रक्रिया घडली की तिला मुडदूस म्हणतात.

ऑस्टिओपोरोसिस आणि अस्थिमृदुता यांतील फरक विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. ऑस्टिओपोरोसिसमध्ये हाडाचे एकूण वस्तुमान घटते, पण जाळी आणि खनिज यांचे परस्पर प्रमाण साधारण कायम राहते. अस्थिमृदुतेत जाळी असते, खनिज मात्र अपुरे असते. हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत दोन्ही आजारांत आकडा कमी येऊ शकतो. त्यामुळे केवळ त्या आकड्यावर विसंबल्यास चुकीचे उपचार सुरू होण्याचा धोका असतो.

अस्थिमृदुतेची कारणे ढोबळमानाने तीन गटांत मांडता येतात. पहिला गट ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा असून भारतात तोच सर्वाधिक आढळतो. दुसरा गट फॉस्फेटच्या कमतरतेचा आहे. तिसऱ्या गटात खनिज बसण्याच्या क्रियेतच अडथळा येतो. पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइड हे त्याचे एक उदाहरण असून कर्नाटकाच्या कोरड्या पूर्व भागातील कोलारसारख्या जिल्ह्यांत ही समस्या परिचित आहे. अर्बुदजन्य अस्थिमृदुता दुसऱ्या गटात मोडते. पहिला गट इतका सामान्य आहे की दुसऱ्या गटाची शंकाच उशिरा घेतली जाते.

गाठीचा हाडांशी संबंध

रक्तातील फॉस्फेटचे प्रमाण राखण्याचे काम मुख्यतः मूत्रपिंडे करतात. गाळलेल्या फॉस्फेटचा मोठा भाग ती पुन्हा रक्तात घेतात. किती फॉस्फेट परत घ्यावे, हे ठरविणाऱ्या संप्रेरकांपैकी एक म्हणजे एफजीएफ-२३. हाडांतील पेशी ते गरजेनुसार तयार करतात. त्याचे प्रमाण वाढले की दोन परिणाम होतात. एक, मूत्रपिंड फॉस्फेट परत न घेता लघवीवाटे बाहेर टाकू लागते. दोन, ड जीवनसत्त्वाचे कार्यक्षम रूप, म्हणजे कॅल्सिट्रिऑल, तयार होण्याचे प्रमाण घटते आणि आतड्यातून होणारे फॉस्फेटचे शोषणही कमी होते.

या आजारातील गाठ हेच संप्रेरक अमर्याद तयार करीत राहते. शरीराने दिलेला थांबण्याचा संदेश ती मानत नाही. परिणामी रक्तातील फॉस्फेट सतत कमी राहते, हाडांना खनिज मिळत नाही आणि स्नायूही दुबळे होतात. गाठ बहुधा कर्करोगाची नसते. ती अतिशय लहान असून हळूहळू वाढते आणि स्वतः दुखतेच असे नाही. ती शरीरात कोठेही, हाडात किंवा मऊ ऊतींत असू शकते. पाय व मांड्या आणि त्याखालोखाल डोके व मान या भागांत ती विशेषकरून आढळते. रुग्णाला दुखते बरगडीत आणि गाठ असते तळपायात, अशी ही स्थिती आहे. दुखण्याच्या जागी शोध घेऊन गाठ सापडत नाही.

शोधाचा इतिहास

ब्रिटिश संशोधक रॉबर्ट मॅकान्स यांनी १९४७ मध्ये अस्थिमृदुता झालेल्या एका मुलीची हकीकत प्रसिद्ध केली. तिला ड जीवनसत्त्वाच्या प्रचंड मात्रा देण्यात आल्या होत्या आणि मांडीच्या हाडातील विकृत भागही काढण्यात आला होता. ती बरी झाली, पण गाठ आणि आजार यांचा कार्यकारणसंबंध त्या वेळी ओळखला गेला नाही. १९५९ मध्ये स्वित्झर्लंडचे आंद्रेआ प्राडर यांनी अकरा वर्षांच्या एका मुलीचे उदाहरण मांडले. तिच्या बरगडीतील गाठ काढल्यानंतर मुडदूस बरा झाला होता. गाठीतून हाडांना मऊ करणारा एखादा पदार्थ स्रवत असावा, हा विचार त्यातून पुढे आला.

तो पदार्थ ओळखण्यास आणखी चार दशके लागली. २००० मध्ये एफजीएफ-२३ या जनुकातील दोष फॉस्फेट घटविणाऱ्या एका आनुवंशिक आजाराचे कारण असल्याचे सिद्ध झाले. २००१ मध्ये जपानी संशोधकांनी हेच प्रथिन अर्बुदजन्य अस्थिमृदुतेच्या गाठीतून वेगळे काढले. या दोन शोधांमुळे आजाराची यंत्रणा स्पष्ट झाली आणि निदानाला निश्चित दिशा मिळाली.

भारतातही या आजाराचा अभ्यास झाला आहे. मुंबई महानगरपालिकेच्या, १९२६ मध्ये सुरू झालेल्या केईएम रुग्णालयातील अंतःस्रावशास्त्र विभागाने २०११ मध्ये आपल्या रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. २०१९ मध्ये याच विभागाने डोके व मान या भागांतील गाठींचा स्वतंत्र आढावा घेतला. एका सार्वजनिक रुग्णालयात या आजाराचे निदान, गाठीचा शोध आणि शस्त्रक्रिया या तिन्ही पायऱ्या पार पाडता येतात, हे या कामातून दिसून येते.

निदानाचा क्रम

निदानाची पहिली पायरी अगदी साधी आहे. ती म्हणजे उपाशीपोटी रक्तातील फॉस्फेट मोजणे. प्रौढ व्यक्तीत त्याचे प्रमाण साधारणतः दर डेसिलिटरला २.५ ते ४.५ मिलिग्रॅम असते. मुलांमध्ये ते याहून अधिक असते, म्हणून वयानुसार तुलना करावी लागते. या आजारात फॉस्फेट कमी, अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर वाढलेले आणि कॅल्शियम बहुधा सामान्य असते. कॅल्शियमचा आकडा ठीक दिसल्यामुळे हाडांचे रसायन ठीक आहे असा समज होतो आणि फॉस्फेट मोजलेच जात नाही. हीच या आजारातील सर्वांत महाग ठरणारी चूक होय.

दुसऱ्या पायरीत रक्त व लघवी यांची एकाच वेळी तपासणी करून मूत्रपिंडातून फॉस्फेट वाया जात आहे काय, हे पाहतात. आहारातील कमतरतेमुळे फॉस्फेट घटले असेल, तर मूत्रपिंड ते जपून ठेवते. रक्तात कमी असूनही लघवीत ते जात असेल, तर गळती मूत्रपिंडात आहे हे निश्चित होते. अशी गळती काही औषधांमुळे किंवा आनुवंशिक दोषामुळेही होऊ शकते. म्हणून रुग्णाची औषधे, कुटुंबाचा इतिहास आणि आजार सुरू होण्याचे वय यांची चौकशी आवश्यक ठरते. प्रौढ वयात, कुटुंबात कोणालाही नसताना ही स्थिती उद्भवली आणि रक्तातील एफजीएफ-२३ वाढलेले किंवा फॉस्फेट इतके कमी असूनही ते दबलेले नसेल, तर गाठीची शंका बळावते.

तिसरी पायरी गाठ शोधण्याची. प्रथम सर्वांगाची, हात व पायांच्या बोटांपर्यंत, हाताने तपासणी करावी लागते. तोंडाचा व नाकाचा आतील भागही वगळता येत नाही. त्यानंतर आण्विक वैद्यकाचे साहाय्य घेतले जाते. या गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचे ग्राहक असतात. त्यांना चिकटणारे, गॅलियम-६८ या किरणोत्सारी मूलद्रव्याने चिन्हांकित केलेले संयुग शिरेतून देऊन पेट-सीटी यंत्राने सर्वांगाचे चित्र घेतात. चित्रात गाठीची जागा उजळून दिसते. मात्र मोडलेले व भरून येत असलेले हाडही उजळू शकते. यास्तव संशयित जागेची एमआरआय किंवा सीटी यांद्वारे खातरजमा केल्याखेरीज शस्त्रक्रिया केली जात नाही.

शस्त्रक्रिया आणि तिचे परिणाम

गाठ भोवतालच्या निरोगी ऊतींच्या थोड्या पट्ट्यासह संपूर्ण काढणे हा या आजारावरील मुख्य उपचार आहे. गाठ मऊ ऊतींत असेल तर हे तुलनेने सोपे असते. हाडातील गाठ केवळ खरवडून काढल्यास काही पेशी मागे राहून आजार उलटण्याची शक्यता अधिक असते. त्यामुळे शक्य तेथे हाडाचा तेवढा तुकडा काढून पुनर्रचना केली जाते. नाकामागील पोकळीतील गाठ दुर्बिणीद्वारे काढता येते. अंतःस्रावतज्ज्ञ, आण्विक वैद्यकतज्ज्ञ, विकृतिशास्त्रज्ञ आणि शल्यचिकित्सक यांनी एकत्रितपणे करावयाचे हे काम आहे.

गाठ पूर्ण निघाल्यास बदल झपाट्याने होतात. एफजीएफ-२३ रक्तात फार काळ टिकत नसल्याने त्याची पातळी लवकरच खाली येते. फॉस्फेट बहुधा काही दिवसांत सामान्य होते. वेदना काही आठवड्यांत कमी होऊ लागतात, स्नायूंची ताकद परत येते आणि हाडांत खनिज भरण्याची क्रिया अनेक महिने चालू राहते. परंतु मणके दबून कमी झालेली उंची आणि वाकलेली हाडे आपोआप पूर्ववत होत नाहीत. विलंबाची काही किंमत कायमची चुकवावी लागते, ती अशी. तसेच मूळ आजार न ओळखता केवळ मोडलेल्या हाडावर शस्त्रक्रिया केली, तर खनिजाअभावी ते नीट जुळत नाही. शस्त्रक्रियेनंतरही काही वर्षे फॉस्फेटची नियमित तपासणी आवश्यक असते, कारण गाठ पुन्हा उद्भवू शकते.

गाठ सापडली नाही किंवा अवघड जागी असली, तर फॉस्फेटचे क्षार दिवसातून अनेकदा आणि सोबत कॅल्सिट्रिऑल द्यावे लागते. या उपचाराने आराम पडतो, पण जुलाब, मूत्रपिंडात कॅल्शियम साचणे यांसारखे दुष्परिणाम संभवतात. निवडक रुग्णांत उष्णतेच्या साहाय्याने गाठ नष्ट केली जाते. एफजीएफ-२३ ला निष्प्रभ करणाऱ्या ब्युरोसुमॅब या प्रतिपिंडास अमेरिकेच्या औषध नियामकाने जून २०२० मध्ये या आजारासाठी मान्यता दिली. हे औषध अत्यंत महाग असून ते सातत्याने घ्यावे लागते. त्यामुळे गाठ शोधून काढण्याचे महत्त्व कमी झालेले नाही.

विलंबाचे अर्थकारण

या आजारात लक्षणे सुरू होण्यापासून योग्य निदान होईपर्यंत अनेकदा अडीच वर्षांहून अधिक काळ जातो आणि गाठ सापडण्यास त्यानंतरही काही वर्षे लागू शकतात. या काळाचा हिशेब मांडून पाहता येतो. महिना १५,००० रुपये मिळविणारा कामगार पाच वर्षे कामाविना राहिला, तर केवळ बुडालेले वेतन ९ लाख रुपये होते. औषधे, निरनिराळ्या दवाखान्यांच्या फेऱ्या, त्याची देखभाल करणाऱ्या कुटुंबीयाचे बुडालेले काम आणि मुलांच्या शिक्षणावर होणारा परिणाम यांची बेरीज यात धरलेली नाही. दुसऱ्या बाजूस, ज्या तपासणीने शंका निर्माण झाली असती, तिचा खर्च काही शे रुपयांच्या आत असतो.

मग ही तपासणी होत का नाही? अर्थशास्त्राच्या भाषेत ही माहितीच्या अपूर्णतेची समस्या आहे. हाडे दुखणाऱ्या शेकडो रुग्णांपैकी एखाद्यालाच हा आजार असतो. प्रत्येकाची पेट-सीटी करणे कोणत्याही व्यवस्थेला परवडणारे नाही आणि योग्यही नाही. अशा वेळी स्वस्त चाळणी आधी आणि महाग तपासणी नंतर, असा क्रम ठेवणे कार्यक्षम ठरते. ड जीवनसत्त्व व कॅल्शियम पुरेसे देऊनही ठरावीक मुदतीत गुण न आलेल्या प्रत्येक रुग्णाचे फॉस्फेट मोजावे, एवढा एक नियम पाळला तरी ही चाळणी तयार होते.

खर्चाची विभागणी हा प्रश्नाचा दुसरा भाग. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. ती मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या द्वितीय व तृतीय स्तरावरील उपचारांसाठी आहे. दाखल होण्यापूर्वीचा फक्त तीन दिवसांचा खर्च तिच्यात येतो. अर्बुदजन्य अस्थिमृदुतेच्या रुग्णाचा पैसा मात्र दाखल होण्यापूर्वीच्या कित्येक वर्षांत, बाह्यरुग्ण विभागांच्या रांगेत संपतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातील लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांपर्यंत खाली आला. ही प्रगती महत्त्वाची आहे. तथापि निदान न झालेल्या आजारांचा भार उरलेल्या वाट्यात दडलेला असतो, हे विसरता येत नाही.

धोरणात्मक चौकट आणि पुढील दिशा

केंद्र सरकारने मार्च २०२१ मध्ये राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण जाहीर केले. या धोरणात आजारांचे तीन गट केले आहेत. पहिल्या गटात एकदाच केलेल्या उपचाराने बरे होणारे आजार, दुसऱ्या गटात दीर्घकाळ पण तुलनेने कमी खर्चाचे उपचार लागणारे आजार आणि तिसऱ्या गटात अतिशय महाग, आजीवन उपचार लागणारे आजार येतात. २०२२ मध्ये तिन्ही गटांतील समाविष्ट आजारांसाठी अर्थसाहाय्याची मर्यादा ५० लाख रुपये करण्यात आली. हे साहाय्य निर्देशित उत्कृष्टता केंद्रांमार्फत मिळते. मुंबईचे केईएम रुग्णालय आणि बंगळुरूचे मानवी आनुवंशिकी केंद्र, इंदिरा गांधी बालआरोग्य संस्थेसह, ही अशी दोन केंद्रे आहेत.

अर्बुदजन्य अस्थिमृदुता स्वरूपाने पहिल्या गटाशी जुळते. पण अर्थसाहाय्य निदानानंतरच उपयोगी पडते. यास्तव तीन बाबींवर भर देणे इष्ट ठरेल. पहिली, राष्ट्रीय आरोग्य अभियानांतर्गत २०१५ पासून राबविल्या जाणाऱ्या मोफत निदान सेवेत हाडांच्या जुनाट दुखण्यासाठी कॅल्शियमबरोबर फॉस्फेटचीही तपासणी सर्वत्र उपलब्ध असावी. दुसरी, ई-संजीवनी या दूरवैद्यक सेवेद्वारे प्राथमिक स्तरावरील डॉक्टरांना अंतःस्रावतज्ज्ञांचा सल्ला सहज मिळावा. तिसरी, अशा रुग्णांची राष्ट्रीय नोंद व्हावी, म्हणजे कोणत्या केंद्रात गाठ शोधण्याची व काढण्याची सोय आहे हे संदर्भ देणाऱ्या डॉक्टरास कळेल.

चिकपेटपासून जवळच व्हिक्टोरिया रुग्णालय आहे. १९०० मध्ये सुरू झालेले हे सार्वजनिक रुग्णालय बंगळुरू वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे. जून २०१७ पासून मेट्रोने चिकपेट ते कृष्णराजेंद्र मार्केट हे अंतर एकाच स्थानकाचे झाले आहे. म्हणजे आरंभीच्या उदाहरणातील विक्रेत्यास रुग्णालय दूर नाही. त्याला दूर आहे ते रक्ताच्या एका साध्या तपासणीतून निघणारे उत्तर. गादीवरून उठताना हात टेकावा लागणे हे वयाचे लक्षण मानून सोडून न देता त्यामागील फॉस्फेटचा आकडा विचारला गेला, तर एका कुटुंबाची अनेक वर्षांची मिळकत वाचू शकते. आरोग्यव्यवस्थेची गुणवत्ता मोठ्या यंत्रांइतकीच अशा लहान प्रश्नांच्या वेळेवर विचारण्यावरही अवलंबून असते.